जोडीचा प्रोसेसर

“पण अक्का, सगळ्यांत मोठा कुठला, तेवढंच सांगा की!”

चंपाअक्कांनी वर बघितलं नाही.

टेबलावर कुणाचा तरी कॉम्प्युटर उघडा पडला होता. बारीक ब्रशनं त्या त्याच्या पंख्यातली धूळ काढत होत्या.

मी कमरेची पुरचुंडी सोडली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

“माझी पैंजणं आहेत. लग्नातली. ही मोडीत घाला आणि मला सगळ्यांत मोठा प्रोसेसर द्या.”

ब्रश थांबला.

“कशाच्या मानानं मोठा?”

“कशाच्या म्हणजे? बाजारातला!”

“हं...”

ब्रश पुन्हा चालू झाला.

चंपाअक्का मगदूम आमच्या हुपरीच्याच. जन्म चांदीकामात गेला. नवरा वारल्यावर पोरानं टाकून दिलेला एक कॉम्प्युटर त्यांनी उघडून बघितला, आणि मग त्या उघडतच गेल्या. आता त्यांच्या पुढच्या खोलीत गावातले बिघडलेले कॉम्प्युटर येतात, आणि दुपारी आम्ही चार-पाच बायका येतो. दागिन्यांची नक्षी कॉम्प्युटरवर काढायला शिकतो.

शिकवतात म्हणजे त्या सांगत नाहीत. वस्तू हातात देतात आणि बघत बसतात.

मी सातवीनंतर दप्तर खुंटीला टांगलं आणि पैंजणाच्या कड्या जोडायला बसले. माहेरी तेच, सासरी तेच. गॅसची ज्योत, धूर, आणि ओणवी मान.

स्वतःचं मला काही वाटत नव्हतं. पण अन्वी झाली, दहा महिन्यांची झाली, आणि तिचा खोकला काही जाईना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पोरीला त्या धुरापासून लांब ठेवा.”

लांब म्हणजे कुठं? आमच्या घरात पाळणा आणि ज्योत यांच्यामध्ये एक पडदा. रात्रंदिवस मी तिच्या छातीला कान लावून घरघर ऐकायची.

म्हणून तर नक्षी शिकले. ज्योतीसमोर न बसता पोटाला मिळवता येईल असं दुसरं काम मला ठाऊक नव्हतं.

आणि गुरुवारी हुबळीचे शेट्टर येणार होते. मोठे व्यापारी. नक्षी पसंत पडली तर वर्षभराचं काम घरबसल्या. नाही पडली तर पुन्हा ज्योत.

आज सोमवार होता.

“अक्का, ऐका तरी. माझ्या भावानं, संमेदनं, त्याचं ग्राफिक्स कार्ड मला दिलंय. चांगलं दांडगं कार्ड आहे. चित्र काढायचं काम त्याचं. पण माझा प्रोसेसर जुना. हिशेब करून कार्डाला पुरवायचं काम प्रोसेसरचं, आणि तोच अडतोय. पैंजण हलायला लागलं की चित्र थांबतंय, उडी मारतंय, परत थांबतंय. शेट्टरांच्या समोर असं झालं तर?”

“हं...”

“मी सगळं बघितलंय. पंधरा दिवस पोरीला पाजताना फोनवर तेच बघत होते.”

आणि मी म्हणायला सुरुवात केली. कुठल्या प्रोसेसरला किती कोअर, कुठला किती वेगाचा, कुठला किती तापतो, कुठला यंदाचा, कुठला गेल्या सालचा. पाढे म्हणावेत तसं. एकदाही अडखळले नाही.

मला वाटलं, सातवी शिकलेल्या बाईला एवढं येतंय म्हटल्यावर अक्का हातातलं काम ठेवतील.

ठेवलं त्यांनी.

“झालं?”

“झालं.”

“तुझं कार्ड काय मागतंय, ते कुठल्या व्हिडिओत होतं?”

मी झोपलेल्या अन्वीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

त्यांनी पुरचुंडी उघडली. एक पैंजण उचललं आणि आपल्या ड्रॉवरमध्ये टाकलं. ड्रॉवर लावला. दुसरं माझ्याकडं सरकवलं.

“गिऱ्हाईक आलंय. एक पैंजण हरवलंय, हे एक राहिलंय. म्हणतंय, याची जोड करून द्या. काय करशील?”

हे मला कशाला विचारतात? हे तर शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

“वजन करीन. लांबी बघीन. घुंगरं मोजीन. मग कानाशी हलवीन.”

“कानाशी कशाला?”

“आवाज जुळाय नको? एक पाय वेगळा, एक पाय वेगळा वाजला तर बाई चालताना कशी वाटेल!”

“सगळ्यांत जड करून दिलंस तर?”

“लंगडेल की ती!”

अक्का माझ्याकडं बघत राहिल्या.

मला राग आला. “अक्का, पैंजण वेगळं, कॉम्प्युटर वेगळा.”

“असंल बाई.” त्या उठल्या. “तुझा डबा लाव.”

आमच्या ह्यांनी सकाळीच माझा कॉम्प्युटर त्यांच्याकडं आणून ठेवला होता. मी वायरी लावल्या. खांद्यावर अन्वी झोपली होती. एका हातानं लावल्या.

माझी नक्षी पडद्यावर आली. नवरीची पैंजणं. तीन पदर, मधे मोराची पिसं, खाली घुंगरं. दोन्ही पायांची मिळून दोनशे सोळा.

“चालव.”

मी चालवलं. पैंजण हललं, थांबलं, उडी मारली, थांबलं.

“बघितलं? अडतंय.”

“चित्र लहान कर.”

“लहान?”

“लहान.”

केलं.

“आणखी.”

केलं.

“आणखी. टिकलीएवढं.”

“अक्का, टिकलीएवढ्यात काय दिसणार!”

“मी दिसायला सांगितलंय व्हय?”

केलं टिकलीएवढं. एवढ्याशा चित्रात एवढंसं पैंजण हललं... थांबलं, उडी मारली, थांबलं.



चित्र टिकलीएवढं झालं म्हणजे कार्डाचं काम जवळजवळ संपलं. तरी अडतंय ते तसंच. मग अडवणारं कार्ड नव्हतं.

मी डब्याला कान लावला. कार्डाचे पंखे फिरतच नव्हते. संमेदचं ते दांडगं कार्ड हातावर हात ठेवून बसलं होतं.

“बघा! मी म्हणत नव्हते? प्रोसेसरच पुरवत नाही. म्हणजे सगळ्यांत मोठाच पाहिजे!”

माझा आवाज चढला. अन्वी चुळबुळली.

अक्का पडद्याजवळ गेल्या. चष्मा खाली ओढला.

“एक घुंगरू मोठं करून दाखव. आतून.”

मी चित्र पहिल्याएवढं मोठं केलं आणि घुंगरू आतून दाखवलं.

त्या बराच वेळ बघत होत्या.

“हे काय आहे?”

“दाणा. वाजायचा.”

“सगळ्यांत घातलायस?”

“मग? सगळ्यांत.”

“दोनशे सोळा?”

“दोनशे सोळा.”

“घुंगरू तर बंद आहे. आतलं कुणाला दिसणार?”

“कुणालाच नाही.”

“मग कशाला घातलास?”

 हे कसलं विचारणं? “घुंगरात दाणा नसला तर ते घुंगरू कसं म्हणायचं, अक्का? वाजेल का ते?”

“चित्र वाजतं का गं?”

मागं बसलेल्या बायका हसल्या.

माझं तोंड लाल झालं. खरंच होतं. कॉम्प्युटर बिचारा प्रत्येक हेलकाव्याला दोनशे सोळा दाणे मोजत होता. कुठला कुठल्या बाजूला घरंगळला, कुठला कुठं आपटला. एकही कुणाला दिसणार नव्हता. फोनवरच्या कुठल्याच व्हिडिओवाल्यानं घुंगरात दाणा घातला नव्हता. कशाला घालेल? त्यानं कधी घुंगरू केलंय?

“काढ,” अक्का म्हणाल्या.

“काय?”

“दाणे.”

मला कसंतरीच झालं. पण काढले. एकदम सगळे निवडले आणि पुसले. घुंगरं वरून होती तशीच दिसत होती.

“चालव.”

पैंजण हललं... आणि हलतच राहिलं. कुठं अडणं नाही, कुठं उडी नाही. जुन्याच प्रोसेसरवर.

मागं कुणीतरी म्हणालं, “अगं बाई!”

मला रडू यायला लागलं. आनंदानं का आणखी कशानं, ते कळेना. म्हणजे प्रोसेसर घ्यायलाच नको? पैंजणंही वाचली? पंधरा दिवसांची पाठ केलेली सगळी आकडेवारी फुकट गेली, जाऊ दे. मी पुरचुंडीचा रुमाल उचलला.

“परत घाल,” अक्का म्हणाल्या.

“पैंजण?”

“दाणे.”

“आत्ता तर काढायला लावलेत!”

“मग आता घालायला लावतेय की.”

“पण कशाला? चाललंय की हे!”

अक्का खुर्चीवर बसल्या. चष्मा पदरानं पुसला. सावकाश पुसला.

“दाणा काढलेल्या घुंगराला मी प्रोसेसर देत नाही.”

...

मी दाणे परत घातले. पैंजण परत अडायला लागलं.

अक्कांनी कपाटातून एक डबा काढला. तो डबा आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. पूर्वी त्यात त्या मापामापाची घुंगरं ठेवायच्या, खणाखणात. आता खणाखणात कापसावर जुने प्रोसेसर होते.

“तुझ्या बोर्डावर यातले हे बसतील.” त्यांनी तीन उचलून टेबलावर मांडले. “आता तू...”

तेवढ्यात अन्वी उठली आणि तिनं भोकाड पसरलं. भूक लागली होती.

मी भिंतीकडं तोंड करून बसले आणि तिला पदराखाली घेतलं.

पाठीमागून अक्कांचा आवाज आला. “असंच बस. मागं बघू नको.”

“का?”

“ऐक.”

“काय ऐकू?”

“पैंजणाची जोड लावताना काय ऐकतीस?”

मागं स्क्रू फिरल्याचा आवाज. प्रोसेसरवरचा पंखा उचलल्याचा आवाज. मग कापसाचा, पुसल्याचा. अन्वी मुटूमुटू पीत होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले. गुरुवारच्या चौकोनाकडं.

“चालवते बघ,” अक्का म्हणाल्या.

मी कान दिला.

प्रोसेसरचा पंखा धापा टाकत होता. कार्डाकडून काही नाही. कधीतरी एक हुंकार, आणि पुन्हा गप्प.

“कार्ड झोपलंय अक्का. मधेच दचकून उठतंय.”

“हं.”

पुन्हा स्क्रू. पुन्हा कापूस. अन्वीनं बाजू बदलली. पाव तास गेला असेल.

“हा दुसरा.”

आधी काही नाही. मग कार्डाचे पंखे हळूच फिरायला लागले. मग भरले. एकसारखा सूर, ना वर ना खाली. आणि त्या सुराखाली प्रोसेसरचा पंखा, तोही एकसारखा. दोघांत कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही.

माझ्या अंगावर काटा आला. जोड लागलेली पैंजणं हातात घेऊन हलवली की असंच होतं. दोन असतात, पण कानाला एकच येतं.

“अक्का...”

“बोल की.”

“जुळलंय हे.”

“हं. थांब, तिसरा राहिलाय.”

पाव तास आणखी. अन्वी पिऊन झोपली होती, पण मी हलले नाही.

“हा तिसरा.”

कार्ड भरलं. तोच सूर. तेवढाच. मी श्वास धरून ऐकलं. जरा तरी चढलाय का? मी आतून म्हणत होते, चढ रे, चढ. कारण मला वाटत होतं, दोघांतला मोठा हाच असणार.

चढला नाही.

प्रोसेसरचा पंखा मात्र आता ऐकूच येत नव्हता. तो काम नसल्यासारखा बसला होता.

“काय गं त्रिशला?”

“तेवढंच वाजतंय.”

“कुणाइतकं?”

“दुसऱ्याइतकंच. कार्डाला यापुढं जाताच येत नाही. आता... आता प्रोसेसरच वाट बघत बसलाय.”

मागं कुणी हसलं नाही.

पुन्हा स्क्रू फिरले, तिसराही निघाला. “मान वळव.”

मी वळले. टेबलावर तिन्ही प्रोसेसर पालथे ठेवले होते. नाव नाही, नंबर नाही. पहिला अक्कांनी डब्यात परत टाकला. दोन राहिले.

“हा डावा दुसरा. हा उजवा तिसरा. डावा तुझ्या साठवलेल्या पैशांत बसतोय. उजव्याला तुझी पैंजणं लागतील.”

बस्स. एवढंच बोलल्या.

मी काय ते ऐकलं होतं, माझ्याच कानांनी. तरी माझा हात उजव्याकडं गेला.

संमेदचं म्हणणं डोक्यात होतं. ताई, मोठाच घे, नाहीतर माझं कार्ड वाया जाईल. आणि मला भीती वाटत होती. गुरुवारी काही झालं तर? अडलं तर? मोठा घेतला असता तर बरं झालं असतं, असं जन्मभर वाटत राहिलं तर? आई झाल्यापासून माझं सगळं असंच. एक स्वेटर पुरत असला तरी दोन घालायचे.

अन्वीला त्या दिवशी खरंच दोन स्वेटर घातले होते. तिच्या मानेला घाम आला होता.

मी वरचा स्वेटर काढला.

आणि डावा उचलला.

अक्कांनी ड्रॉवर उघडला, आतलं पैंजण काढलं आणि त्याच्या जोडीच्या पैंजणावर ठेवलं. मग अन्वीला माझ्याकडून घेतलं आणि बोर्डाकडं मान केली.

“बसव.”

“मी?”

“मग शेट्टर येऊन बसवणार?”

प्रोसेसरच्या खाली केसाएवढ्या बारीक पिना. एक वाकली तर संपलं. एका कोपऱ्यावर सोन्याचा इवलासा त्रिकोण होता, बोर्डावरही तसाच. मी त्रिकोणावर त्रिकोण आणला. अंगठा टेकवला. जोर लावणार...

“दाबू नको.”

“मग बसणार कसा?”

“बसायचा असंल तर ठेवल्यावर बसतो.”

मी बोटं सोडली. तो आत उतरला. आवाजसुद्धा झाला नाही.

गुरुवारी शेट्टर आले. जाडजूड माणूस, पांढरा सदरा, कपाळाला विभूती. मराठी बोलायचे पण कानडी वळणानं. आत्याबाईंनी चहा ठेवला आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. सून काय दिवे लावते ते बघायला.

मी पैंजण चालवलं.

हललं. पुढच्या पावलाला पुढं झुललं, मागच्या पावलाला मागं आलं. दोनशे सोळा घुंगरं. कुठं अडलं नाही. कार्डाचा तो सूर खोलीत भरला.

शेट्टर चहा प्यायले. मग कप ठेवला.

“चित्र चांगलं आहे, बाई.”

“चांगलं आहे” म्हणाले, तिथंच मी ओळखलं. ज्याला पसंत पडतं तो व्यापारी असं सरळ म्हणत नाही.

“चित्रं घेऊन माझ्याकडं रोज कोण ना कोण येतंय. दिसायला एकापेक्षा एक. नंतर करायला बसलं की कळतंय, काढणाऱ्यानं चांदीला कधी हात लावलेला नाही. घुंगराला जागा नसते. वाजत नाही. हे वाजणार कशावरून?”

दारातून आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं.

मी पैंजण चालूच ठेवलं, आणि चालता चालता त्यातल्या एका घुंगरावर उभा काप दिला. पडद्यावर घुंगरू अर्धं झालं.

आत दाणा होता. पैंजण झुललं की डाव्या भिंतीला जायचा, परत आलं की उजव्या.

शेट्टर पुढं सरकले.

“हे एक झालं. दाखवायला केलं असंल.” त्यांनी बोट टेकवलं. “हे?”

मी काप दिला. दाणा.

“हे कोपऱ्यातलं?”

दाणा.

“हे मागचं? दुसऱ्या पायातलं?”

दाणा.

आता मला भीतीच राहिली नव्हती. ते बोट दाखवायचे, मी कापायची. पैंजण झुलायचं थांबलं नाही, की अडखळलं नाही. सात झाली, आठ झाली. शेवटी मीच म्हणाले, “सगळीच कापू का?”

आणि सबंध पैंजणावर एकदम काप दिला.

दोनशे सोळा दाणे एका वेळी डावीकडं गेले... आणि एका वेळी उजवीकडं आले.

शेट्टरांनी चष्मा काढला.

“कुणी सांगितलं होतं हे घालायला?”

“सांगायला कशाला पाहिजे?”

ते मोठ्यानं हसले. “अव्वा!” म्हणाले, कानडीत आई. आमच्या आत्याबाईंना नाही, मला. माझ्याहून दुप्पट वयाचा माणूस.

“हे घेतलं. तू मागं दाखवलेल्या दोन नक्ष्या, त्याही घेतल्या. आणि महिन्याला एक नवी माझ्यासाठी. दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही. कबूल?”

मी मान हलवली. 

ते गेल्यावर आत्याबाई पडद्यासमोर आल्या. त्यांनी चाळीस वर्षं घुंगरं केलीत. त्यांनी पडद्यावरच्या एका दाण्याला बोट लावलं, खरा आहे का बघितल्यासारखं.

मग म्हणाल्या, “उद्यापासून ज्योतीवर बसायचं नाही. तुझा हा डबा आणि पाळणा, दोन्ही माडीवर ने. तिकडं वारं येतं.”

त्या संध्याकाळी पाळणा माडीवर गेला. खिडकीपाशी.

मी अन्वीच्या छातीला कान लावला. घरघर होती अजून, थोडी होतीच. पण धूर नव्हता.

शुक्रवारी दुपारी मी पेढे घेऊन निघाले. अन्वी कडेवर, तीही नटलेली. वाटेत मी मनात सगळं जुळवत होते. अक्कांना असं सांगीन, तसं सांगीन. शेट्टर काय म्हणाले, आत्याबाई काय म्हणाल्या. आणि एक विचारीन. अक्का, तुम्हाला तर पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. मग सरळ सांगितलं का नाही?

दार उघडंच होतं.

अक्का पाठमोऱ्या बसल्या होत्या. हातात ब्रश, समोर कुणाचा तरी उघडा कॉम्प्युटर.

मी पैंजणांचा पाय उंबऱ्याच्या आत टाकला. तोंड उघडलं...

अक्कांनी मागं वळून बघितलं नाही. ब्रश फक्त थांबला.

“आज वाजत आलीस.”